आईबाबांसाठी जानेवारीत जंगलसहल : सातपुडा, पेंच, कान्हा... नऊ रात्रींचं नियोजन करायला मदत हवी

कृष्णाकाठची (१७ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

जानेवारीत आईबाबांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं पूर्ण होतायत. बाबांनी साताऱ्याजवळच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनी बारशिंग्याचं चित्र लावलं होतं. निवृत्त झाले तेव्हा ते पिवळं पडलेलं चित्र घरी घेऊन आले, आजही त्यांच्या टेबलासमोर आहे. प्रत्यक्ष बारशिंगा मात्र त्यांनी एकदाही पाहिलेला नाही. बाबा ७४ चे, आई ७० ची. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डावा कुरकुरतोय.

धाकटी बहीण मेलबर्नला असते. ती सुट्टी घेऊन येतेय. दोघींनी मिळून चार वर्षं या सहलीसाठी पैसे बाजूला टाकलेत. आईबाबांनी आयुष्यभर एसटीने आणि धर्मशाळेत उतरून प्रवास केला. या वेळी उत्तम जागी राहायचं, हे आमचं ठरलंय. चौघं, दोन खोल्या, नऊ रात्री.

माझा कच्चा आराखडा : ताडोबा २, पेंच २, कान्हा २, बांधवगड २, सातपुडा १. विमानाने नागपूर, परत भोपाळहून. कसा वाटतो? लॉज कोणते निवडावेत?

रानपिंगळा (१७ ऑगस्ट)

आधी अभिनंदन. आता स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हा आराखडा गाडीत बसून राहण्याचा आहे.

ताडोबा ते पेंच चार तास. पेंच ते कान्हा साडेचार. कान्हा ते बांधवगड पाच ते सहा. बांधवगड ते सातपुडा जबलपूरवरून, म्हणजे आठ तासांची तयारी ठेवा. रस्ते आता बरे आहेत, पण ऑपरेशन झालेला गुडघा एवढे तास दुमडून बसायचा. शिवाय दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे एक दुपार, एक पूर्ण दिवस आणि एक सकाळ. एक सकाळ धुक्यात गेली की त्या जंगलाची ओळखच होत नाही.

पाचांतली दोन काढा. बाबांना बारशिंगा दाखवायचा असेल तर कान्ह्याला चार रात्री द्या आणि उरलेली सहल त्याभोवती बांधा.

धरमपेठ (१८ ऑगस्ट)

नागपूरकर आहे, दर वर्षी दोनतीनदा जातो. वाघ बघायचा असेल तर एप्रिल-मे. पाणवठे आटतात, झाडी विरळ होते, वाघ पाण्यावर येऊन बसतो. जानेवारीत गवत उंच असतं आणि वाघ कुठेही असू शकतो. सकाळी उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते, कान्ह्यात पहाटे पारा दोनतीन अंशांपर्यंत उतरतो. ज्येष्ठ मंडळी सोबत असताना मी तरी जानेवारी घेतला नसता.

रानपिंगळा (१८ ऑगस्ट)

धरमपेठ, वाघाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण इथे प्रश्न बारशिंग्याचा आहे आणि त्याचा मोसम हाच. थंडीत त्यांचा माज असतो. नर शिंगांनी गवत उपटतात आणि ते शिंगांवर तसंच लोंबत ठेवून माळावर फिरतात. लांबून कर्ण्यासारखी हाक ऐकू येते. एप्रिलमध्ये हे दिसत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांना हेही सांगा. बारशिंगे आपल्याकडे तीन प्रकारचे. तराईतले (हिमालयाच्या पायथ्याचे) आणि आसामातले दलदलीत राहतात, त्यांचे खूर फाकलेले असतात. कान्ह्याचा कठीण जमिनीवर राहणारा, त्याचे खूर आवळलेले आणि टणक. १९७० मध्ये कान्ह्यात हे फक्त ६६ उरले होते, आणि हा प्रकार जगात दुसरीकडे कुठे शिल्लकच नव्हता. हा प्राणी जवळजवळ गवतावरच जगतो आणि पाडसं उंच गवतात लपवतो. माळावर गुरं चरायची, गवत वाढायचं नाही, पाडसं उघड्यावर पडायची. मग गावं हलवली, माळरानं पुन्हा गवताची झाली, काही बारशिंग्यांना वाघबिबट्यांपासून सुरक्षित अशा मोठ्या कुंपणात वाढवलं. सोंफचं माळरान हे असं मोकळं झालेल्या गावाच्या जागेवर आहे. आता ते शेकड्यांनी आहेत. २०१५ पासून त्यांतले काही सातपुड्यातल्या बोरीत नेऊन सोडले, पुढे बांधवगडलाही.

सागरगोटे (१८ ऑगस्ट)

लॉज निवडताना एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका महागड्या ठिकाणी उतरलो होतो, नाव लिहीत नाही. खोलीला स्वतःचा छोटा तलाव, संगमरवरी न्हाणीघर, सगळं देखणं. पण आमचे परवाने ज्या फाटकाचे होते ते तिथून पन्नास मिनिटांवर निघालं. पहाटे साडेचारला उठायचं आणि काळोखात हमरस्त्याने जायचं. संध्याकाळी शेजारच्या हिरवळीवर कुणाच्या तरी लग्नाचं संगीत, अकरापर्यंत स्पीकर. माझ्या सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. एवढे पैसे घालून त्या खोलीत बसून राहिल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून बुकिंगच्या आधी लॉजला चार गोष्टी विचारा. फाटक कोणतं आणि किती मिनिटांवर? परवाने कोणत्या विभागाचे? सोबत त्यांचा स्वतःचा निसर्गतज्ज्ञ येतो का, की फक्त वनखात्याचा गाइड? आणि तिथे लग्नकार्यं घेतात का?

चालता_फिरता (१९ ऑगस्ट)

जरा वेगळं मत मांडतो. जंगल सगळ्यांना सारखंच. मध्य प्रदेश पर्यटनाचं कान्हा सफारी लॉज मुक्की फाटकापाशी आहे, पेंचला किपलिंग्ज कोर्ट, मढईला बायसन रिसॉर्ट. स्वच्छ खोल्या, फाटकं जवळ, आणि खर्च फार कमी. वाघ तुमचं खोलीभाडं विचारून येत नाही. उरलेल्या पैशात आणखी दोन सहली होतील.

कृष्णाकाठची (१९ ऑगस्ट)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बहिणीशी बोलले. बांधवगड आणि ताडोबा गळले.

चालता_फिरता, तुमचं म्हणणं पटतं आणि आम्ही दोघी पुढे तिथे नक्की जाऊ. पण आईने घरात कुणी बसा म्हटल्याशिवाय कधी पाठ टेकलेली नाही. पंचेचाळीस वर्षं पहाटे पाचला तिनेच चहा ठेवलाय. नऊ सकाळी तिच्या हातात दुसऱ्या कुणीतरी चहा आणून द्यावा आणि गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवावी, एवढ्यासाठी हा खर्च आहे.

जानेवारीचंच नक्की. सातपुडा ठेवावा का? आईला तिथे काय करता येईल?

रानपिंगळा (२० ऑगस्ट)

सातपुडा जरूर ठेवा. माझ्या लेखी मध्य भारतातलं सगळ्यात शांत जंगल ते. मढईच्या फाटकाला जायचं म्हणजे देनवा नदी होडीने ओलांडायची, जिप्सी पलीकडे उभी असते. तवा धरणाचं पाणी मागे फुगून इथवर आलंय. हिवाळ्यात त्या पाण्यावर पट्टकदंब हंस आणि चक्रवाक उतरतात. अस्वलं इथे दिसण्याची शक्यता चांगली असते. गवे, बिबटे, आणि डोक्यावर शेकरू.

गाभ्याच्या जंगलात पायी फिरायची परवानगी असलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक. बाबांची चाल ठीक असेल तर वनखात्याच्या गाइडबरोबर सकाळची पायी फेरी घ्याच. वाळूतले ठसे, अस्वलाने उकरलेलं वारूळ, झाडावरचे नखांचे ओरखडे, हे जिप्सीतून दिसत नाही. त्या वेळी आई लॉजच्या पडवीत बसू शकतील. देनवाच्या काठावर खोल्या असलेले लॉज आहेत, देनवा बॅकवॉटर एस्केप त्यातला एक. फोर्सिथ लॉज आणि रेनीपानी हे दोन्हीही नावाजलेले. तिथल्या निसर्गतज्ज्ञांना पक्ष्यांची उत्तम जाण आहे.

होडीत चढायला दोन माणसांचा हात लागेल, ते आधी कळवून ठेवा.

गोंदियाची_लेक (२० ऑगस्ट)

आमच्या बाजूचं जंगल म्हणून राहवलं नाही!

कान्ह्यात मुक्की बाजूला राहा. बंजार नदीकाठी बंजार टोला आहे, तंबूसारख्या खोल्या आणि नदीवर उघडणारी गच्ची. सिंगीनावाही त्याच बाजूला. साल वृक्षांचं रान, मधेच एकदम मोकळं माळरान, सकाळी त्यावर धुकं तरंगत असतं. या गावांत बैगा आणि गोंड लोक राहतात. तुमचा वनगाइड बहुतेक त्यांच्यातलाच असेल. त्याला बोलतं करा, त्याच्या आजोबांचं गाव आत होतं का विचारा. माळरानाचा तो दुसरा इतिहास आहे आणि तो ऐकलाच पाहिजे. आम्हाला मिळालेले गाइडदादा सोंफवर गाडी थांबवून म्हणाले होते, इथे आमची विहीर होती. मला पुढे बराच वेळ काही बोलता आलं नव्हतं.

जेवणात कोदो-कुटकीचा, म्हणजे भरड धान्याचा भात मागा. मोठ्या लॉजमध्येही आता आवर्जून करतात.

परतीसाठी एक सुचवते. मुक्कीहून बालाघाटमार्गे गोंदिया साधारण तीन तासांवर. तिथून दुपारची विदर्भ एक्सप्रेस सुटते, सकाळी मुंबई. गाडी गोंदियाहूनच निघते, त्यामुळे सामान ठेवायला आणि आईंना चढायला निवांत वेळ मिळतो. महाराष्ट्र एक्सप्रेस थेट साताऱ्याला जाते खरी, पण तिच्यासाठी मुक्कीहून भल्या पहाटे निघावं लागेल आणि पुढचा प्रवास फार लांबचा.

धरमपेठ (२१ ऑगस्ट)

बारशिंग्याचं वाचून माझं मत बदललं, जानेवारीच योग्य.

परवान्यांचं बघा. मध्य प्रदेशात गाभा क्षेत्राचे परवाने १२० दिवस आधी ऑनलाइन खुले होतात आणि चांगल्या विभागांचे लगेच संपतात. जिप्सीत सहा पर्यटक. तुम्ही चौघं, पण पूर्ण गाडी घ्या. हवं तिथे थांबता येतं आणि आईंना त्रास झाला तर परत फिरता येतं. परवान्यावर जे ओळखपत्र तेच मूळ स्वरूपात फाटकावर दाखवावं लागतं. बहीण ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर असेल तर तोच नंबर द्या. मधे नवीन पासपोर्ट काढला तर अडचण येईल.

बुधवारी दुपारी ही उद्यानं बंद असतात. त्याप्रमाणे वार लावा.

आईंना पुढच्या बाकावर बसवा, ड्रायव्हरच्या मागे. मागचा बाक सगळ्यात जास्त उडतो.

आणि भाव विचारताना ‘जंगल प्लॅन’ म्हणजे काय ते लेखी घ्या. राहणं, जेवण आणि दोन सफाऱ्या असं साधारण असतं, पण पूर्ण गाडी की सीट, हे स्पष्ट नसतं. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी. दरपत्रकात तो धरलाय का ते पाहा, या पातळीच्या भाड्यावर ती रक्कम छोटी नसते.

कृष्णाकाठची (१६ सप्टेंबर)

परवाने मिळाले! हात थरथरत होते. नक्की झालेला आराखडा :

शनिवारी मुंबईहून विमानाने भोपाळ, तिथून साडेतीन तासांत सातपुडा. शनि, रवि, सोम तिथे. मंगळवारी छिंदवाडामार्गे पेंच, जमतारा फाटकाच्या बाजूला. मंगळ, बुध. गुरुवारी कान्हा, मुक्की. चार रात्री. सोमवारी गोंदिया आणि विदर्भ एक्सप्रेस.

बुधवारची दुपार बंद म्हणून पेंचमध्ये त्या दिवशी फक्त सकाळची सफारी. रात्री जमतारात शेतातल्या मचाणावर उघड्या आभाळाखाली झोपायची सोय आहे, ती बहिणीसाठी आणि माझ्यासाठी घेतलीय. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (दिव्यांच्या उजेडापासून रात्रीचं आभाळ जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून तिथलं आभाळ बघायची इच्छा होती. आम्ही मध्य प्रदेशातल्या बाजूला असू, पण आभाळ तेच.

दोघांच्या खोलीचे दर जेवणासकट रात्रीला ३५ हजारांपासून ७० हजारांपर्यंत आले. कान्ह्याला सगळ्यात जास्त दिले, पेंचला मधलं घेतलं, सातपुड्यात नदी दिसणारी खोली मिळाली. सागरगोटे, तुमचे चारही प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारले. एका लॉजने फाटकाचं उत्तर तीनदा टाळलं, तो यादीतून काढला.

सागरगोटे (१६ सप्टेंबर)

फार बरं वाटलं वाचून.

गोंदियाची_लेक (१७ सप्टेंबर)

स्वेटरवर स्वेटर, कानटोपी, हातमोजे, आणि नाकतोंड झाकायला सुती मोठा रुमाल. ऊन वर आलं की एकेक उतरवता येतं. औषधं नऊ दिवसांची सोबतच, मुक्कीहून मोठं गाव म्हणजे बालाघाट, दीडदोन तास.

कृष्णाकाठची (२८ जानेवारी)

परत येऊन दोन आठवडे झाले. बाबांनीच आठवण केली, धाग्यावरच्या मंडळींना कळव म्हणून.

सातपुड्यात आई पहिल्या दिवशी सफारीला आली, दुसऱ्या दिवशी पडवीत बसली. लॉजच्या मुलीने तिच्यासमोर दुर्बीण लावून दिली आणि पाण्यावरची नारिंगी बदकं दाखवली. चक्रवाक. आईने लहानपणापासून ओव्यांत ऐकलेला पक्षी, रात्री नदीच्या दोन तीरांवर दुरावणारी जोडी. "हे खरंच असतात?" असं म्हणून ती दोन तास तिथून हलली नाही. बाबा आणि बहीण पायी फेरीला गेले होते. बाबा परत आले ते वारुळाच्या मातीने माखलेले हात घेऊन, गाइडला अस्वलाच्या नखांबद्दल प्रश्न विचारत. नववीच्या वर्गातला त्यांचा आवाज होता तो.

पेंचमध्ये बुधवारी संकष्टी आली. मी लॉजला कळवायला विसरले होते, आईने सकाळी सांगितलं. स्वयंपाकघरातल्या दादांनी छिंदवाड्याहून साबुदाणा मागवला, आणि रात्री चंद्र उगवेपर्यंत चौघांचंही ताट थांबवून ठेवलं. आईने मचाणाच्या शिडीपाशी उभं राहून चंद्राला अर्घ्य दिलं. चंद्रामुळे तारे थोडे कमी दिसले, पण तो उगवायच्या आधीचा तासभर पुरेसा होता.

वाघ दोनदा दिसला. दोन्ही वेळा कान्ह्यात, एकदा अगदी जवळून. त्याबद्दल बाकी लोक लिहितातच.

बारशिंगे पहिल्या संध्याकाळी लांब दिसले, ठिपक्यांसारखे. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी सोंफवर धुकं होतं, गाइडदादांनी गाडी बंद करायला लावली. आधी हाक आली. मग धुक्यातून गवताचा भारा चालत आल्यासारखं दिसलं आणि त्याखाली डोकं, मान. नराच्या शिंगांवरून ओलं गवत डोळ्यांवर लोंबत होतं. तो साठसत्तर फुटांवर थांबला. बाबा हळू आवाजात फाटे मोजायला लागले, डावीकडचे सहा, उजवीकडचे सात. मग गाइडला म्हणाले, "तेरा." गाइड म्हणाले, "हां गुरुजी, तेरा." त्यांना बाबा शिक्षक आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आईने तिची गरम पाण्याची पिशवी बाबांच्या हातात दिली, कारण त्यांनी हातमोजे काढून टाकले होते.

रानपिंगळा (२८ जानेवारी)

हे वाचायलाच धाग्यावर येत होतो. गुरुजींना नमस्कार सांगा.

झुंजूमुंजू (३० जानेवारी)

संपूर्ण धागा वाचला. माझ्या आईचेही दोन्ही गुडघे दुखतात, ती कधीची नको म्हणतेय. तुमच्या आई जिप्सीत कशा चढल्या? मागच्या बाजूच्या लोखंडी पायरीचं भय वाटतं.

कृष्णाकाठची (३० जानेवारी)

ती पायरी खरंच उंच आहे, पहिल्या दिवशी आईचा पाय पोचलाच नाही. कान्ह्यात लॉजकडे आधीच मागून ठेवलं होतं, त्यांनी पाटापेक्षा थोडं उंच, रुंद लाकडी स्टूल गाडीतच ठेवलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवलं होतं, ते उपयोगी पडलं. आत बाकावर दुमडलेली गोधडी ठेवा, गुडघा कमी वाकतो. सकाळच्या सफारीत कान्ह्याच्या मधल्या कॅम्पला नाश्त्याचा थांबा असतो, स्वच्छतागृह तिथे आहे. आईला उतरायला लागलं ते तिथेच. दुपारची सफारी तिने चारांपैकी दोनच दिवस केली. तुमच्या आईंना विचारून बघा, हवं तर मी आईचा फोन जोडून देते, ती स्वतः बोलेल.